सोनेरी मुलामा आणि तापलेली वाफ

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात आम्ही केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)



या जागेवर आजवर प्रवचनं झाली, मधुमेहावर डॉक्टर बोलले, एका वर्षी नाट्यगीतांचा कार्यक्रम झाला. यंदा कार्यकारिणीनं आम्हाला गाठलं. म्हणाले, "तुम्ही सरकारी पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपात इतकी वर्षं आहात, यंत्राबिंत्राबद्दल काहीतरी सांगा की." आम्ही आधी नाही म्हटलं. आम्ही डिप्लोमावाले, भाषणं करायची सवय नाही, पोरांना लेथवर ओरडायची आहे. पण मग वाटलं, एक गोष्ट दोन वर्षं मनात अडकून बसली आहे, ती सांगून टाकावी. आरती आठला आहे, त्याच्या आत संपवतो.

या दोन वस्तू पुढून मागे फिरवतो, हातात घेऊन बघा. दोन्ही ड्रिल बिट आहेत, म्हणजे लोखंडाला भोक पाडायची सळी. मूळ पोलाद दोन्हींचं एकच, हायस्पीड स्टील. एक सोन्यासारखा पिवळा आहे, एक निळसर काळा. दोन्हींवर लेप आहे. सोनेरी लेप टायटॅनियम नायट्राइडचा, म्हणजे टायटॅनियम धातू आणि हवेतला नायट्रोजन यांच्या संयुगाचा. जाडी दोन-तीन मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस याच्या पंचवीस-तीस पट जाड असतो. निर्वात पेटीत टायटॅनियमची वाफ करून, नायट्रोजन सोडून, हा थर तापलेल्या पोलादावर बसवतात. इतका कठीण की कानस त्याच्यावरून घसरते.

काळ्याची गोष्ट जास्त मजेची आहे. त्याच्यावर कोणी रंग लावलेला नाही. तो पाचशे-साडेपाचशे अंश तापलेल्या वाफेत ठेवून काळा केलेला आहे. वाफेनंच त्याला आपला लेप दिला.

म्हणजे वाफ धातू खाते आणि वाफच धातूला अंगरखा शिवून देते. आजचा सगळा विषय एवढाच आहे. तो अंगरखा कुठे पुरतो, कुठे फाटतो, आणि त्याच्या जागी आपण सोनेरी अंगरखा घातला तर काय होतं.

वाफ या शब्दाशी हुबळीच्या मराठी घरांचं नातं जुनं आहे. 1880 च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे इथे आली, तिचं वर्कशॉप उभं राहिलं, आणि आपल्यातल्या कितीतरी घरांचे पणजोबा-खापरपणजोबा त्या भोंग्यावर कामाला लागले. आमचे आजोबा तिथे बॉयलर विभागात फिटर होते. घरी आले की आजी त्यांना आधी न्हाणीघरात पाठवायची. ते म्हणायचे, "पांढरी दिसते ती वाफ नव्हे रे, ती नुसती ओली हवा. खरी वाफ दिसत नाही, म्हणूनच ती भाजते." चहाच्या किटलीच्या तोंडाजवळ बघा, तोंडाला लागून बोटभर जागा रिकामी दिसते आणि पुढे ढग सुरू होतो. त्या रिकाम्या जागेत वाफ असते. कन्नडात हबे म्हणतात, आपण वाफ म्हणतो, भाजणं दोन्हीकडे सारखंच.

आपल्या कुकरमधली वाफ साधारण 120 अंशांची. आजोबांच्या इंजिनाच्या बॉयलरमध्ये ती 200 च्या आसपास तयार व्हायची आणि सुपरहीटरच्या नळ्यांतून फिरून साडेतीनशेपर्यंत जायची. रायचूरजवळ शक्तिनगरला आपल्या राज्याचं औष्णिक वीजकेंद्र आहे, तिथल्या 210 मेगावॉटच्या संचांत टर्बाइनला मिळणारी वाफ 540 अंशांच्या घरातली असते. त्या तापमानाला लोखंड अंधारात मंद लालसर दिसायला लागतं. अशा वाफेला नुसतं गरम पाणी समजू नका. ती रसायन आहे.

पाण्यात दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन, हे शाळेत सगळे शिकलो. तापलेल्या लोखंडाला वाफ लागली की लोखंड तिच्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हायड्रोजन मोकळा सुटतो. 1780 च्या दशकात पॅरिसमध्ये लाव्हाझिए या शास्त्रज्ञानं तापवून लाल केलेल्या लोखंडी नळीतून वाफ सोडून असाच हायड्रोजन काढून दाखवला होता. हा हायड्रोजन लक्षात ठेवा, पुढे तो परत येणार आहे.

ऑक्सिजन घेतलेल्या लोखंडावर काळा थर बसतो, मॅग्नेटाइटचा. तोच तो काळा ड्रिल. हा थर घट्ट असला की पुढची वाफ आतल्या धातूपर्यंत पोचायला वेळ लागतो. बॉयलरच्या नळ्या वर्षानुवर्षं टिकतात त्या याच काळ्या थरामुळे. पण थर जाड झाला, त्यात बॉयलर सारखा बंद-चालू केला, की धातू आणि थर वेगवेगळ्या मापानं आकसतात आणि थराच्या खपल्या सुटतात. खपल्या नळीच्या वाकणात साचल्या की तिथे वाफ अडते, नळी जास्त तापते आणि एक दिवस फुटते. उरलेल्या खपल्या वाफेबरोबर टर्बाइनच्या पात्यांवर वाळूसारख्या आपटतात. शिवाय साध्या लोखंडात 570 अंशांच्या वर ऑक्साइडचा आणखी एक प्रकार खाली तयार होतो, त्यातून लोखंड भराभर बाहेर सरकतं आणि थर फारच वेगानं वाढतो. म्हणून वरच्या तापमानाला क्रोमियम घातलेलं पोलाद लागतं.

मग कोणाच्याही मनात येईल, वाफेला आपला थर बनवूच कशाला द्यायचा? आपणच वरून एक पक्का, कठीण थर देऊ.

इथे काकूंना दोन गोष्टी आठवून द्यायच्या आहेत, एक लोणचं आणि दुसरी कल्हई. धातूला नायट्रोजन देण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली मुरवण्याची. पोलादाचा भाग पाचशे-सव्वापाचशे अंशांवर अमोनियाच्या वायूत कितीतरी तास ठेवायचा, की नायट्रोजन हळूहळू आत शिरतो आणि कातडी कठीण होते. फोडीत मीठ मुरतं तसं. थर वेगळा दाखवता येत नाही, तो धातूचाच झालेला असतो, मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शापर्यंत खोल. अमेरिकेत मॅक्लेट यांनी आणि पुढे 1920 च्या दशकात जर्मनीत क्रुपच्या कारखान्यात आडोल्फ फ्राय यांनी ही रीत बसवली. तिला नायट्रायडिंग म्हणतात. दुसरी तऱ्हा कल्हईची, म्हणजे वरून वेगळाच पदार्थ चढवायचा. सोनेरी ड्रिल त्यातला.

पूर्वी गल्लीत कल्हईवाला यायचा. भाता, कोळसे, नवसागराचा तो नाकात जाणारा धूर, आणि फडकं फिरवलं की पितळेचं पातेलं आतून चांदीसारखं. आपल्या आज्या सुनांना एकच बजावायच्या, रिकामं भांडं चुलीवर ठेवू नको, कल्हई उडेल. कथील 232 अंशांना वितळतं. भांड्यात वरण आहे तोवर तळ तितका तापत नाही, वरण आटलं की कल्हई गेली. म्हणजे लेप चांगला की वाईट हा प्रश्नच अपुरा. भांड्यात काय आहे आणि खाली आग किती आहे, हे विचारल्याशिवाय लेपाबद्दल बोलता येत नाही. आमच्या आजीला हे कळत होतं. आम्ही ते डिप्लोमा घेऊन विसरलो.

ती गोष्ट आता सांगतो. कारखान्याचं, गावाचं नाव सांगणार नाही, विचारू नका.

आमच्याकडे शिकून गेलेला एक मुलगा एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तिथे वाफेवर चालणारा छोटा टर्बाइन आहे, वाफ 485 अंशांची. टर्बाइनच्या तोंडाशी स्टॉप व्हॉल्व्ह असतो. काही बिघडलं, टर्बाइन वेगानं पळायला लागला, तर हा व्हॉल्व्ह झटकन बंद होऊन वाफ तोडतो. त्या व्हॉल्व्हचा दांडा, स्पिंडल, एका बुशमधून सरकतो. दोघांमधली फट अगदी बारीक. मूळ स्पिंडल नायट्रायडिंग केलेला होता, झिजला होता. नवा मूळ कंपनीकडून मागवायचा तर किंमत भारी आणि चार महिने थांबायचं. कोणीतरी सुचवलं, इथेच स्पिंडल करून घ्या आणि त्यावर हा सोनेरी लेप द्या, नायट्राइडच आहे, उलट जास्त कठीण आहे. त्या मुलानं आम्हाला फोन केला. "सर, लेपाच्या कागदावर 600 अंशांपर्यंत चालतं असं लिहिलंय. आमची वाफ 485. चालेल ना?"

आम्ही जेवत होतो. 600 मधून 485 वजा केले, 115 अंश शिल्लक. म्हटलं, "चालेल की. लाव."

हंगाम सुरू होऊन अडीच महिने झाले. हे व्हॉल्व्ह ठरावीक दिवसांनी थोडेसे हलवून बघायचे असतात, अडकलेले नाहीत ना म्हणून. त्या दिवशी हलवायला गेले तर स्पिंडल हलेना. म्हणजे त्या दिवशी खरोखरच टर्बाइन पळाला असता तर वाफ तोडणारं तिथे कोणी नव्हतं. टर्बाइन हळूहळू उतरवून बंद केला. स्पिंडल सोडवताना ग्लँडमधून कोंडलेली वाफ आली आणि एका फिटरच्या उजव्या हाताची कातडी कोपरापर्यंत सोलली गेली. पन्नाशीचा माणूस, घरात दोन मुली शिकणाऱ्या. महिनाभर घरी होता. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यानं डाव्या हातानं चहाचा कप पुढे केला आणि म्हणाला, "नशीब, चेहऱ्यावर नाही आली." त्याला माहीत नव्हतं की "चालेल" असं फोनवर कोण म्हणालं होतं. आम्ही तेव्हा सांगितलं नाही. नंतर परत जाऊन सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "सर, पुढच्याला नीट सांगा." म्हणून आज इथे उभे आहोत.

तो मुलगा स्पिंडल गोणपाटात गुंडाळून आमच्याकडे घेऊन आला. सोनं कुठे कुठे शाबूत होतं, बाकी ठिकाणी जांभळट-तपकिरी डाग आणि त्यांच्याखाली फुगलेल्या काळ्या खपल्या. भिंगाखाली गोष्ट उलगडली. असा लेप कधीच अखंड नसतो, त्यात सुईच्या टोकाहून बारीक छिद्रं असतात. वाफ त्या छिद्रांतून खाली गेली, तिनं आतल्या पोलादाचं मॅग्नेटाइट केलं, आणि ते धातूपेक्षा जास्त जागा घेत असल्यामुळे वरचा लेप उचलला गेला. ती फुगलेली काळी पूड स्पिंडल आणि बुश यांच्या फटीत ठासून बसली. अशा फटीत केसाच्या जाडीइतकी भरसुद्धा पुरते.

आणि तो 600 चा आकडा? तो खोटा नव्हता. तो कापणाऱ्या हत्याराचा होता, कोरड्या हवेतला. ड्रिलचं टोक एका भोकात काही सेकंद तापतं आणि बाहेर येऊन थंड होतं. आमचा स्पिंडल अडीच महिने, रात्रंदिवस, दाबाच्या वाफेत होता. आकडा वाचताना तो कुठल्या जागेचा आहे, किती वेळाचा आहे, हे आम्ही विचारलं नाही.

त्यानंतर सुट्टीत आम्ही आणि दोन पोरांनी वर्कशॉपातल्या भट्टीत प्रयोग केला. एका स्टीलच्या नळीत सोनेरी ड्रिलचे तुकडे ठेवले, काचेच्या चंबूत पाणी उकळून वाफ नळीतून सोडली, दुसरं टोक उघडं ठेवलं म्हणजे दाब साठणार नाही. (पोरांनो, हे घरी कुकर लावून करायचं नाही. मागे जे हसताहेत त्यांना उद्देशून बोलतोय.) 485 अंशांवर रोज आठ तास, बारा दिवस. तुकडे तांबूस झाले, कडांना जांभळे पडले, पण लेप बहुतेक होता. मग 650 वर एकच दिवस. संध्याकाळी नळी उघडली तर सोनं गेलेलं, राखाडी-निळा भुसभुशीत थर उरलेला, नखानं निघत होता. आमचा प्रयोग काही प्रमाणित चाचणी नव्हे. पण त्या दिवसापासून भट्टीच्या दारावर आम्ही पांढऱ्या खडूनं लिहून ठेवलं आहे, "कोरडं की ओलं? किती दिवस?"

यातून कळलेली खरी गोष्ट अशी. नायट्राइड स्वतः उष्णतेला घाबरत नाही. टायटॅनियम नायट्राइड वितळायला जवळजवळ तीन हजार अंश लागतात. त्याला खातो तो ऑक्सिजन. नायट्राइड हळूहळू ऑक्साइड होत जातं, आणि मागे कुठलं ऑक्साइड उरतं त्यावर पुढचं सगळं ठरतं. टायटॅनियमचं ऑक्साइड ढिलं, सच्छिद्र. ते राखणदारी करत नाही. क्रोमियम नायट्राइड घेतलं तर वर क्रोमियमचं ऑक्साइड येतं, ते दाट असतं, म्हणून तो लेप हवेत सातशेच्या आसपास तग धरतो. टायटॅनियममध्ये ॲल्युमिनियम मिसळून नायट्राइड केलं तर वर ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा पडदा येतो आणि मजल आठशेपर्यंत जाते. हे आकडे पुन्हा कोरड्या हवेतले, हे आता तुम्हीच आम्हाला सांगाल. वाफेत ते खाली येतात.

आणि मूळचा मुरवलेला स्पिंडल? तोही वाफेत काळा होतोच, क्रोमियम जास्त असलेल्या पोलादाची गंजाला तोंड द्यायची ताकद नायट्रायडिंगनं थोडी कमीच होते. पण त्याची कातडी उचलून निघत नाही, आणि बनवणाऱ्यानं काळा थर वाढणार हे धरूनच बुशमधली फट ठेवलेली असते. आमच्या इथे केलेल्या स्पिंडलमध्ये फट "छान घट्ट" बसवली होती. कारागिराचं हात वळण चांगलं होतं, तेच नडलं.

आता हुबळीहून जरा पश्चिमेला चला. येल्लापूरच्या पलीकडे, काळी नदीच्या काठी, कारवार तालुक्यात कैगा आहे. आपल्यातल्या काही घरांची मुलं तिथे नोकरीला आहेत. 220 मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या. त्यातली पहिली 2018 च्या 31 डिसेंबरपर्यंत सलग 962 दिवस न थांबता चालली आणि त्या वेळी तो जगातला विक्रम ठरला. तिथेही शेवटी वाफच टर्बाइन फिरवते. पण आमचा विषय तिथल्या टर्बाइनचा नाही, इंधनाच्या नळ्यांचा आहे.

युरेनियमच्या गोळ्या झिर्कोनियम या धातूच्या मिश्रधातूच्या पातळ नळ्यांत भरलेल्या असतात. अशा एकोणीस नळ्यांची जुडी, लांबी अर्धा मीटर. एका भट्टीत 306 आडव्या वाटा, प्रत्येकीत बारा जुड्या. म्हणजे एका भट्टीत सत्तर हजारांच्या आसपास नळ्या. एकेका नळीची भिंत अर्ध्या मिलिमीटरहून पातळ. झिर्कोनियमच का, तर ते न्यूट्रॉन जवळजवळ खातच नाही, आणि तीनशे अंशांच्या पाण्यात वर्षंच्या वर्षं चांगलं राहतं.

पण पाणी आटलं, नळ्या हजार-बाराशे अंशांवर गेल्या आणि उरली फक्त वाफ, तर मघाचा लाव्हाझिएचा प्रयोग सुरू होतो. झिर्कोनियम वाफेतला ऑक्सिजन ओढतं, हायड्रोजन सोडतं, आणि या क्रियेतून स्वतःच इतकी उष्णता निघते की बाराशेच्या पुढे ती आपली आपण वेग घेते. 2011 च्या मार्चमध्ये जपानात फुकुशिमाला हेच झालं. 11 तारखेला भूकंप आणि त्सुनामी, वीज गेली, पंप थांबले. 12 तारखेला पहिल्या इमारतीचं छप्पर उडालं, 14 ला तिसरीचं, 15 ला चौथीचं. टीव्हीवर आपण सगळ्यांनी पाहिलं. तो अणुस्फोट नव्हता. तो हायड्रोजन होता, वाफेतून सुटलेला.

त्यानंतर जगभर प्रश्न उभा राहिला, या नळ्यांना असा लेप देता येईल का, की अपघातात वाफ धातूपर्यंत पोचायला निदान काही तास तरी लागतील? तेवढ्यात माणसं पाणी परत आणू शकतात. पहिल्या उमेदवारांत आपली सोनेरी मंडळी होतीच. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात टायटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइड झिर्कोनियमवर देऊन 360 अंशांच्या दाबाच्या पाण्यात ठेवलं. कोरड्या हवेतला तो आठशेचा वीर पाण्यात वेगळाच निघाला. त्यातलं ॲल्युमिनियम बाहेर सरकून पाण्याशी जुळलं आणि लेप बिघडू लागला. मग त्यांनी सर्वांत वर साध्या टायटॅनियम नायट्राइडचा थर दिला, तेव्हा ते थांबलं. जो लेप आमच्या स्पिंडलवर हरला तो तिथे, कमी तापमानाच्या पाण्यात, पहारेकरी म्हणून उपयोगी पडला. आम्ही हे वाचलं तेव्हा जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

क्रोमियम नायट्राइडचीही परीक्षा झाली. ते कठीण, पण ठिसूळ. अपघातात नळी तापून फुगते, आणि साधारण साडेआठशे अंशांच्या पुढे झिर्कोनियमची आतली रचनाच बदलते. पुरणपोळी लाटताना वरचं आवरण ताणलं नाही की तडकतं, तसा हा लेप तडकतो आणि तडीतून वाफ आत जाते. हजाराच्या वर तो लेप मोडायलाही लागतो, त्यातला काही नायट्रोजन बाहेर निघून जातो, काही खाली झिर्कोनियमकडे सरकतो.

इथे एक विचित्र गोष्ट आहे आणि आम्हाला ती फार आवडते. वरून लेपात बसलेला नायट्रोजन राखण करतो, पण तोच नायट्रोजन झिर्कोनियमच्या ऑक्साइडखाली शिरला की घर पोखरतो. तापलेल्या नळ्यांना नुसती वाफ लागण्यापेक्षा वाफेबरोबर हवा लागली तर त्या जास्त वेगानं जळतात. कारण हवेतला नायट्रोजन धातूच्या काठाशी झिर्कोनियम नायट्राइड बनवतो, पुढे त्याचं ऑक्साइड होताना ते फुगतं आणि वरचा चांगला घट्ट थर फोडून टाकतं. आमच्या स्पिंडलवर पोलादानं जे केलं तेच.

म्हणून सध्या तरी बाजी साध्या क्रोमियम धातूच्या लेपानं मारली आहे. तो ताणला तर तुटण्याआधी जरा वाकतो. 2019 मध्ये अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या वोग्टल केंद्रात क्रोमियमचा लेप दिलेल्या नळ्या चालत्या भट्टीत घातल्या गेल्या. त्यालाही मर्यादा आहे. 1330 अंशांच्या थोडं वर क्रोमियम आणि झिर्कोनियम एकमेकांत मिसळून वितळतात. तेव्हा काही प्रयोगशाळा क्रोमियमच्या खाली क्रोमियम नायट्राइडचा बारीक थर देऊन बघतात, दोघांमध्ये आडोसा म्हणून. म्हणजे नायट्राइड वरून खाली गेलं, पण घरातून गेलेलं नाही.

मग कैग्याच्या नळ्यांना उद्या असा लेप का देऊ नये, असं आमच्या मुलीनं विचारलं. प्रश्न बरोबर आहे. पण कैग्यात इंधन नैसर्गिक युरेनियम आहे, समृद्ध केलेलं नाही. तिथे न्यूट्रॉनचा हिशेब महिनाअखेरच्या पगारासारखा असतो, उधळायला काही नाही. टायटॅनियम झिर्कोनियमच्या तीस पटींहून जास्त न्यूट्रॉन खातं, क्रोमियम पंधरा-सोळा पट. नायट्रोजनही खातो, आणि वर किरणोत्सारी कार्बन-14 तयार करून ठेवतो. लेप पातळ असला तरी नळ्या सत्तर हजार आहेत. त्यामुळे तिथला हिशेब अमेरिकेतल्या भट्टीचा हिशेब उतरवून घेऊन होणार नाही, तो वेगळा मांडावा लागेल. 600 वजा 485 इतका सोपा तो नाही, एवढं आम्ही आता अनुभवानं सांगू शकतो.

त्या कारखान्यात पुढे काय झालं, हे राहिलं. मूळ कंपनीचा नायट्रायडिंग केलेला स्पिंडल आला, चार महिने नाही, तीन महिने लागले. तोवर टर्बाइन बंद, वीज विकत घेतली. मालकानं खर्चाचा आकडा आम्हाला मुद्दाम कळवला. तो फिटर कामावर परत आला. व्हॉल्व्ह हलवून बघायचं काम आता तोच करतो, ठरलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशीच.

समोरून काकूंनी चिठ्ठी पाठवली आहे. "नव्या फ्लॅटमध्ये सोनेरी नळ बसवलेत, त्यावरही हेच असतं का? गिझरच्या गरम पाण्यानं जाईल का?" काकू, चांगल्या प्रतीच्या सोनेरी नळांवर बहुतेक झिर्कोनियमचं किंवा टायटॅनियमचं नायट्राइडच असतं. गिझरचं पाणी साठ-सत्तर अंशांचं, त्याला काही होत नाही. हुबळीच्या क्षाराच्या पाण्याचे पांढरे डाग पडतील ते ओल्या फडक्यानं पुसा, काथ्यानं घासू नका. लेप टिकेल, खालचं पितळ मात्र ॲसिडनं खराब होईल, म्हणून बाथरूमचं ॲसिड तिथे अजिबात नको.

आरतीची घंटा झाली. ते दोन ड्रिल कोणाकडे पोचलेत? कृपा करून पुढे पाठवा. दोन्ही वर्कशॉपच्या स्टॉक रजिस्टरात चढलेले आहेत, सोमवारी सकाळी आम्हाला जागेवर ठेवायचे आहेत.